धुतली, पण वाळली का?

एप्रिल संपत आला होता, पॅकहाऊसच्या शेडमध्ये निर्यातीच्या हापूसचे बॉक्स पॅलेटवर रचून तयार होते, आणि आमच्या दादाची रीफर गाडी, म्हणजे थंड माल नेणारी, दारातून परत पाठवली. तिथल्या सुपरवायझरने ट्रेलरचं मागचं दार उघडायला लावलं, नुसतं डोकं आत घातलं, दोनदा श्वास घेतला आणि म्हणाला, ही गाडी नाही लागायची, वास आहे. ड्रायव्हर मामांकडे आदल्या दिवशीच्या वॉशिंगची पावती होती, शिक्का मारलेली, वेळ टाकलेली. त्यांनी ती पुढे केली. त्यानेही ती नीट वाचली, आवाज चढवला नाही, काही नाही, एवढंच म्हणाला की पावती बरोबर आहे मामा, पण तुम्ही स्वतः आत जाऊन बघा. मामा आत गेले, पार पुढच्या टोकापर्यंत चालत गेले, बाहेर आले आणि एक शब्द न बोलता दारं लावली, दांडे फिरवून लॉक केले आणि गाडी यार्डात आणून उभी केली. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, त्याच्या ट्रान्सपोर्टचे हिशोब मी बघते, त्यामुळे मला हे फोनवर कळलं तेव्हा आधी भाड्याचा आकडा डोक्यात आला, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी यार्डात गेले तर मामा चहा घेऊन तसेच बसलेले, चहा गार झालेला, आणि ते मला म्हणाले, ताई मी उभा राहून धुऊन घेतली होती हो. ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना.

गाडी खरंच धुतलेली होती. आणि वास खरंच येत होता.

आता ज्यांना ह्या गाड्या फक्त हायवेवर दिसतात, पांढरा मोठा डबा, पुढे डोक्यावर घरघरणारं युनिट, त्यांना वाटतं की हा एक चालता फ्रीज आहे, लावला की चालू. मलाही आधी तेवढंच वाटायचं. आमच्या गाड्या ऑगस्टपासून रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासळी बंदराचा, आजूबाजूच्या फॅक्टऱ्यांचा फ्रोझन मासळीचा माल घेऊन न्हावा शेव्याच्या बाजूला जातात, उणे १८ अंशांवर. आणि मार्च उजाडला की आंबेवाले विचारायला लागतात. हापूसला उणे बिणे चालत नाही, त्याला १३ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, त्याच्या फार खाली गेलं तर थंडी बाधते, साल काळपट पडते आणि फळ नीट पिकतच नाही. म्हणजे तोच डबा, तेच युनिट, फक्त सेट पॉइंट बदलला की काल म्हाकूळ, म्हणजे स्क्विड, होतं तिथे आज आंबा. २०११ च्या फूड सेफ्टीच्या नियमांत, शेड्यूल ४ मध्ये, हे आहेच की एका गाडीतून वेगवेगळं खाद्य नेत असाल तर दोन फेऱ्यांच्या मध्ये ती नीट साफ झाली पाहिजे. ते सगळ्यांना माहीत आहे, त्यासाठीच तर ती पावती असते.

माशाचा वास काय चीज आहे हे आमच्याकडच्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. बांगडे साफ करून झाले की हाताला आमसुलाचं आगळ नाहीतर लिंबाची फोड चोळायची, साबण नंतर. आजी करायची, काकी करते, मी करते. मला कॉलेजात केमिस्ट्री होती तेव्हा कुठे कळलं की हे नुसतं सवयीने चाललेलं नाहीये. समुद्राच्या माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड म्हणून एक पदार्थ असतो, त्याला स्वतःला वास नसतो, पण मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि ते उडून नाकात जातं. ते अल्कली गुणाचं असतं, म्हणून आंबट लागलं की त्याचा क्षार बनतो आणि क्षार काही हवेत उडत नाही. आणि गंमत अशी की उणे १८ ला हा वास जवळजवळ झोपलेला असतो. जिवाणूंचं काम थांबलेलं, जे काही सांडलंय ते गोठलेलं. त्यामुळे आख्खा सीझन मासळी नेताना कोणाची तक्रार येत नाही, गाडी स्वच्छच वाटते. मग तोच डबा तुम्ही १३ वर आणता, आणि कुठल्यातरी फटीत जे गोठून बसलं होतं ते सुटतं. आंब्याच्या गाडीलाच वास का येतो ह्याचं कारण हे आहे. आणि हापूसचं तर निम्मं मोल त्याच्या वासात, बॉक्स उघडल्यावर खोलीभर काय पसरतं त्यात. २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्या नावाच्या पेटीतून म्हाकुळाचा वास आला तर बागायतदाराने काय करायचं? त्या सुपरवायझरचं नाक बरोबर होतं. मला त्याचा राग धरता येईना, आणि मामांनी काही चुकवलंय असंही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादा म्हणाला, आज भाडं नको, गाडी खोलून बघू. मी तिथेच बसले, हिशोबाची वही मांडीवर ठेवून, पण लक्ष सगळं गाडीकडे.

मामांची एक पद्धत आहे. यार्ड कातळावर आहे आणि त्याला एका बाजूला उतार आहे, तिथे ते ट्रेलरचं तोंड चढावाला आणि मागचं दार उताराला करून लावतात, म्हणजे पाणी आपोआप मागे वाहतं, पुढे युनिटपाशी साचत नाही. दोन्ही दारं पार मागे वळवून हुकात अडकवायची, कारण आमच्या इथला दुपारचा वारा कसा सुटतो माहितीय, माणूस आत असताना दार आपटलं तर काय घ्या. मग पाणी नाही, आधी कोरडा झाडू. हे पोरं करत नाहीत, डायरेक्ट पाइप मारतात आणि मग कार्टनचा भिजलेला लगदा जाऊन ड्रेनमध्ये बसतो. झाडून झाल्यावर आधी साधं गार पाणी. गरम पाणी आधी मारलं तर रक्त आणि माशाचं पाणी जागच्या जागी शिजून चिकटतं, मग घासत बसा. साबणाचं कोमट पाणी त्याच्यानंतर, छतापासून खाली, पुढून मागे, लांब दांड्याच्या ब्रशने. छताला जो कापडी डक्ट असतो, ज्यातून गार हवा पार मागच्या दारापर्यंत जाते, तो आतून कोणी बघत नाही, मामा त्यात हात घालून बघतात. हवा वरून मागे जाते, खाली पडते आणि फ्लोअरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खोबणींमधून पुढे परत येते, युनिटकडे. म्हणजे फ्लोअर हा नुसता फ्लोअर नाही, हवेचा परतीचा रस्ता आहे, आणि त्या खोबणीत साचलेला गाळ म्हणजे पुढच्या मालाला लागणारी हवा त्या गाळावरून जाऊन येणार.

त्या दिवशी त्यांनी पुढची जाळीची भिंत, बल्कहेड, बोल्ट काढून खाली घेतली. मी ती जागा पहिल्यांदाच बघत होते. परतीची हवा तिथे खेचली जाते ना, तर हवेबरोबर जे हलकं ते सगळं तिथे येऊन बसलेलं. कार्टनच्या कडांचे तुकडे, चिकटपट्टी, एक्स्पोर्टच्या लेबलांचे अर्धे स्टिकर, थर्मोकोलचे दाणे, आणि कोळंबीच्या मिश्या, लांब, वाळलेल्या, केशरी रंगाच्या, हवा गार करणाऱ्या कॉइलच्या पातळ पत्र्यांत अडकलेल्या. मामांनी त्या एकेक करून काढल्या, चिमट्याने. कॉइलवर प्रेशरचा पाइप मारायचा नाही, त्या पत्र्या इतक्या नाजूक असतात की लगेच मुडपतात आणि मग त्यातून हवा जात नाही. तिथे हळू पाणी, मऊ ब्रश, आणि वाकलेल्या पत्र्या सरळ करायला एक छोटा कंगवा मिळतो तो. खाली ट्रे आणि त्याची नळी. डिफ्रॉस्टचं, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवल्याचं, पाणी त्या नळीतून बाहेर पडतं, टोकाला रबराची चपटी चोच असते, पाणी बाहेर जाऊ देते पण बाहेरची हवा आत घेत नाही. एका बाजूची ती चोच कधीतरी तुटून पडली होती आणि उघड्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, अगदी गच्च. लाल माती, आपलीच. तर ट्रेमध्ये पाणी तुंबत होतं. मला वाटलं सापडलं, हेच कारण. मामा म्हणाले, हे पण आहे ताई, पण हे नाही.

मग ते आत जाऊन भिंतीला बोटांच्या पेरांनी ठोकत निघाले. खालच्या पट्टीजवळ, जिथे पॅलेट घासतं तिथे, टक टक, टक टक, आणि डाव्या बाजूला साधारण मध्यावर आवाज बसका झाला. खाली वाकून टॉर्च मारला तर पट्टीच्या वर एक चीर होती, बोटभर लांब, फोर्कलिफ्टचं टोक कधीतरी लागलेलं. कुठल्या डॉकवर लागलं, कधी लागलं, कोण सांगणार, लोडिंगवाले कोणी येऊन सांगत नाहीत की भाऊ तुमच्या भिंतीला लागलं. त्या चिरेतून मामांनी पातळ पत्र्याची पट्टी आत घातली आणि बाहेर काढली तर ती ओली. भिंतीच्या आत पफ असतो, पिवळा फोम, तोच काय तो थंडी धरून ठेवतो, आणि तो आत पाणी पिऊन बसला होता. नुसतं पाणी नाही, मासळीचं पाणी. मामांनी ती पट्टी माझ्या नाकापाशी धरली. सुपरवायझरने जे डोकं आत घालून ओळखलं होतं ते हेच.

म्हणजे बघा ना, प्रत्येक वॉशिंगला जेवढं जोरात पाणी मारलं तेवढं ते चिरेतून आत गेलं. जितकी धुतली तितकी भिजली.

पावती खरी होती, पाणी खरं होतं, साबण खरा होता, आणि त्याच्यानेच आतली घाण ओली राहत होती. मी त्या दिवशी खूप वेळ ह्यावर विचार करत होते. आपण साफ करणं म्हणजे धुणं असं धरून चालतो. आमच्या आजीचं लोणच्याच्या बरणीचं आठवलं. बरणी धुवायला तिला कितीसा वेळ, दोन मिनिटं. पण धुतल्यावर ती बरणी उन्हात उपडी, मग सुलटी, मग परत उपडी, बूड कोरडं झालंय का म्हणून आत हात घालून बघायची, कपड्याने पुसू द्यायची नाही, आणि एवढं करून ढग आले तर त्या दिवशी लोणचं घालायचंच नाही, उद्या. आई कधी घाई करायला गेली तर म्हणायची, गो बाय, पाण्याचा थेंब राहिला तर मीठ काय करणारेय. रीफरचा डबा काय वेगळा आहे. ओल्या डब्यात युनिट चालू केलंत की ती सगळी ओल वाफ होऊन कॉइलवर जाते आणि बर्फ धरते, बर्फ धरला की हवा कमी, हवा कमी झाली की मागच्या दाराजवळचा माल गरम, मग युनिट सारखं डिफ्रॉस्ट मारतं आणि तापमान नोंदणाऱ्या डेटा लॉगरवर उंचवटे दिसतात, आणि कंपनीचा फोन येतो की गाडी बंद ठेवली होती का. फ्लोअर ओला असेल तर खालच्या थरातल्या कार्टनचं बूड मऊ होतं, वरचं वजन पेलत नाही. आणि मुळात रीफर माल थंड करत नाही, जो थंड माल दिला तो तसाच राखतो, एवढीच त्याची ताकद. ती ताकद बर्फ वितळवण्यात गेली तर मालाला काय राहणार?

पण वाळायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्याच हिशोबात नाही. हे मी हिशोब लिहिणारी म्हणून ठामपणे सांगते. वॉशिंगचे पैसे लिहिले जातात, साबणाचे, सॅनिटायझरचे लिहिले जातात. गाडी दारं उघडी टाकून नुसती उभी आहे, त्यात वारा खेळतोय, त्याचा रकाना कुठल्याच पावतीवर मी बघितलेला नाही. हायवेवरच्या वॉशिंग सेंटरवर एक नेपाळी पोरगा आहे, आधी मिरकरवाड्याला बोटीवर होता, आता इथे. पायात गमबूट नाही, दिवसभर पाण्यात उभं राहून त्याच्या पावलांची कातडी पांढरी होऊन सुरकुतलेली, आणि काम मात्र इतकं नीट करतो की मी बघत राहते. त्याला मी त्या गाडीबद्दल विचारलं तर त्याला आठवत होतं. म्हणाला, "दीदी, मैंने बोला था गीली है, थोड़ा खुला रहने दो. तभी लोडिंग का फोन आ गया." फोन मामांना आला नव्हता, ऑफिसला आला होता, माल भरणाऱ्याकडून, आणि तिथून मामांना. कोणीच खोटं नव्हतं. प्रत्येकाला फक्त अर्धा-पाऊण तास कमी हवा होता, आणि तो अर्धा-पाऊण तास दर वेळी एकाच ठिकाणहून कापला जातो, वाळण्यातून. कारण धुतलेलं दिसतं. न वाळलेलं दिसत नाही.

आणि वर आपलं हवामान. देशावर, नगर-सोलापूरला, दारं उघडी टाकली की डबा बघता बघता कोरडा होतो म्हणतात मामा, ते आधी तिकडे द्राक्षाच्या गाडीवर होते. इथे मे महिन्यात अंगावरचा घाम वाळत नाही तिथे खोबणींतलं पाणी कुठून वाळणार. म्हणून ते आता आधी रबरी वायपरने पाणी ओढतात, मग कोरडा मॉप, मग युनिटचा नुसता फॅन चालला तर फॅन, नाहीतर आमचा तो मोठा पेडेस्टल फॅन दारात लावून. खारी हवा बाहेरूनही काम करत असतेच. कंडेन्सरच्या, म्हणजे युनिटच्या बाहेरच्या बाजूच्या कॉइलच्या, पत्र्यांवर मीठ बसतं, त्यावर हायवेची लाल धूळ, आणि दोन्ही मिळून पत्रा खातात. ते गोड्या पाण्याने, हलक्या धारेने, सारखं धुवत राहावं लागतं. समुद्राकाठी गाडी ठेवायची तर ह्याला सुटका नाही.

वास मारायचं म्हणून दादाने एकदा व्हिनेगरचे कॅन आणले होते. कल्पना बरोबरच आहे, आगळाचंच तत्त्व. पण मी त्याला हात जोडून सांगितलं की आधी क्लोरीनचं सॅनिटायझर मारलं असेल तर ते पूर्ण धुऊन गेल्याशिवाय आंबट काही आत न्यायचं नाही. क्लोरीनवालं ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि माणूस तीन बाजूंनी बंद असलेल्या चाळीस फुटी डब्यात पार पुढे उभा असतो. त्या पोराला कोण सांगणार हे? कॅनवर बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं असतं. मी हिंदीत मोठ्या अक्षरात कागद लिहून वॉशिंग सेंटरच्या भिंतीवर चिकटवून आले. तिथल्या मालकाला जरा विचित्र वाटलं, पण त्याने काढला नाही अजून. ब्लीच नुसतं जास्त ओतलं तरी अ‍ॅल्युमिनियमच्या फ्लोअरला खड्डे पडतात, आणि खड्ड्यात परत घाण. वास गेला नाही की जास्त ओता, हा सगळीकडचा नियम झालाय.

चिरेचं काम दोन दिवस चाललं. पट्टी काढली, भिजलेला पफ खरवडून बाहेर काढला, पिवळ्याचा तपकिरी झालेला, हातात घेतला तर जड. कोरडा तुकडा शेजारी ठेवला होता, त्याला वजनच नाही. एवढं वजन गाडी रोज कशेडी घाटावरून वाहून नेत होती आणि वर त्या भागात थंडीही धरत नव्हती. खालची पोकळी उघडी ठेवून वाळवली, मग नवीन फोम भरला, वर पत्र्याचा पॅच, कडेने सीलंट. दाराचं रबर पण बदलायचं का बघायला मामा म्हणाले, ताई तुम्ही आत उभ्या राहता का, मी बाहेरून दार लावतो, उजेड कुठून येतो तेवढं सांगा. आतून उघडायचा दांडा आधी मला दाखवला, दोनदा उघडून बघायला लावला, मगच दार लावलं. आत इतका काळोख मी कधी बघितला नव्हता, आणि आवाजही नाही, बाहेर यार्डात क्लीनर गाणी लावून बसला होता ते एकदम पुसून गेलं. साबणाचा वास, थोडा नव्या सीलंटचा, आणि मासळीचा वास मी मुद्दाम शोधत होते, मान वळवून वळवून, आणि सापडत नव्हता. मग डोळे सरावल्यावर उजव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक रेघ दिसली, दोऱ्याएवढी, उन्हाची. तिथे बोट लावलं तर गरम हवा बोटाला कळत होती. एवढ्या मोठ्या डब्यात एवढीशी रेघ, आणि उणे १८ ला तिच्यातून दिवसभर दमट हवा आत येणार आणि आत बर्फ होऊन बसणार. मी ओरडून सांगितलं, खाली, उजवीकडे! मामांनी बाहेरून खडूने खूण केली. रबर डिझेलने पुसायची काही लोकांना सवय आहे, चकाकतं म्हणून, पण डिझेलने रबर फुगतं आणि मग बसतच नाही. साधं साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं पुरे होतं.

आता पाऊस तोंडावर आलाय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढून शाकारतील, जाळी विणायला बसतील, आणि आमच्या निम्म्या गाड्याही यार्डात उभ्या राहतील. लोकांना वाटतं उभी गाडी म्हणजे सुट्टी. खरं तर ह्याच दोन महिन्यांत गाड्या खराब होतात. दारं घट्ट लावून ठेवली की आत काळी बुरशी, रबरावर ठिपके, छताच्या डक्टवर ठिपके, आणि तो कुबट वास मासळीच्या वासापेक्षा वाईट, जाता जात नाही. म्हणून दार बोटभर उघडं, मध्ये लाकडाचा तुकडा अडकवून, आणि त्या फटीला बारीक जाळी, कारण पावसात उंदीर कोरडी जागा शोधतात आणि वायरी खातात. युनिट आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवायचं, माल नसला तरी. नाहीतर कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडतं, गॅस हळूहळू निघून जातो आणि नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीलाच गाडी मान टाकते. वहिनी दर रविवारी सकाळी स्वतः यार्डात जाऊन युनिट चालू झालं का ऐकते. डिझेल जळतं म्हणून आधी दादा कुरकुर करायचा, आता तोच तिला आठवण करतो.

दादाने ह्या महिन्यात एक केलंय. नव्या भाड्याच्या कोटेशनमध्ये एक ओळ घातलीय, वॉशिंगनंतर गाडी वाळवण्याचे दोन तास, भाड्यात धरलेले. एका आंबेवाल्याने लगेच हो म्हटलं, उलट म्हणाला हे आधी का नाही सांगितलंत. एका फॅक्टरीने म्हटलं की बाकीचे तर असं काही मागत नाहीत, आणि गाडी दुसऱ्याची लावली. ते भाडं गेल्याचं मला वाईट वाटलं, वहीत ती जागा रिकामी दिसते. पण मी दादाला ती ओळ काढायला सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही. सुपरवायझरला पण मामांनी स्वतः फोन करून सांगितलं काय निघालं ते. पुढच्या फेरीला त्याने परत डोकं आत घातलं, श्वास घेतला, आणि मामांना म्हणाला, लावा डॉकला. युनिट आधीच १३ वर आणून ठेवलेलं होतं, दार उघडायच्या आधी मामांनी ते बंद केलं, म्हणजे बाहेरची दमट हवा आत खेचली जात नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही, पाण्याची. कातळावरच्या वस्तीला मे महिन्यात टँकरचं पाणी येतं. यार्डाच्या मागच्या घरातली काकी कळशी घेऊन टँकरची वाट बघत उभी असते आणि इकडे आम्ही डबा धुतोय, बोअरचं का असेना, पाणीच ना ते. ती कधी काही बोललेली नाही. आणि ते धुतलेलं पाणी जातं कुठे, तर उताराने खाली पऱ्यात, म्हणजे ओढ्यात. साबण, ब्लीच, मासळीचं पाणी, सगळं. आता तो कोरडा आहे, पण पाऊस लागला की तोच वाहत जाऊन खालच्या विहिरीजवळून जातो. आपण आंब्याच्या पेटीसाठी डबा चकाचक करायचा आणि ते सगळं शेजाऱ्याच्या विहिरीकडे सोडायचं, हे मला पटत नाही, आणि दादालाही पटत नाही, फक्त आतापर्यंत कोणी बोललं नव्हतं. तर उताराच्या तळाशी जांभ्याच्या चिऱ्यांची तीन कप्प्यांची टाकी बांधायचं ठरलंय. पहिल्या कप्प्यात जाळी, गाळ आणि खवले तिथे अडकतील, दुसऱ्यात पाणी उघड्यावर उभं राहील म्हणजे क्लोरीन उडेल, तिसऱ्यातून शोषखड्ड्यात, विहिरीच्या उलट्या अंगाला. शेवटचं पाणी माडांना द्यायचं का यावर मामा आणि दादाचं अजून जमत नाही, मामा म्हणतात माडाला खारं चालतं, दादा म्हणतो साबण चालत नाही. आधी कोरडं झाडून घेतलं तर पाणी किती कमी लागतं हे पण मी आता प्रत्येक वॉशिंगला लिहून ठेवायला लागलेय. चिरे खाणीवरून यायचेत, गवंडी म्हणतो मिरगाच्या आधी खड्डा झाला तर झाला, नाहीतर कातळ फोडायला पाऊस सरायची वाट बघावी लागेल. तसं झालं तर ऑगस्टातल्या पहिल्या मासळीनंतरचं धुणं कुठे करायचं हे ठरवायचंय, यार्डात नाही एवढं नक्की.